झेंडावंदनानंतर बसून राहिलेल्या बाया

आमच्या गावाची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली, तेव्हा सगळ्यात जास्त भाव मी खाल्ला. आधी मी ग्रामपंचायतीची लिपिक होते, आता त्याच टेबलावर, त्याच कुरकुरत्या पंख्याखाली बसून नगरपंचायतीची झाले. बुलढाण्याला नातेवाइकांकडे गेले की चहा यायच्या आधीच "आमचं आता शहर झालं" हे सांगून टाकायची. कार्यालयाला रंग लागला, नवी पाटी आली, मागच्या बाजूला कर्मचाऱ्यांसाठी स्वच्छतागृह झालं. त्याची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये असायची.

आठवडी बाजार कार्यालयासमोरच भरतो. तिथे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मेथी-वांगी घेऊन बसणारी एक मावशी होती. एकदा उन्हात तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन गेले, तर तिनं हात आडवा केला.

"बाजाराच्या दिवशी मी पाणी पेत नाही माय. पेलं त जाऊ कुठी?"

मी तांब्या घेऊन परत आले. किल्ली आठवली नाही, असं नाही. वरचे काय म्हणतील म्हणून गप्प बसले. त्याची मला आजही लाज वाटते.

बाजारात बायांसाठी स्वच्छतागृह पाहिजे, हे या मावशीनंच शेवटच्या ग्रामसभेत उभं राहून मांडलं होतं. ठराव झाला होता, माझ्याच अक्षरात. मग ग्रामपंचायत गेली, रजिस्टरं पेटीत गेली आणि पेटी माझ्या पायाखाली आली. मी तिच्यावर पाय ठेवून बसायची.

पुढे सव्वीस जानेवारी आली. झेंडावंदन झालं, बुंदी वाटली, नगरसेवक पांगले. पाहते तर पंधरा-वीस बाया घरून आणलेल्या सतरंज्या अंथरून अंगणात बसलेल्या. पुढे पांढऱ्या लुगड्यात मावशी.

"सभा कवा चालू करून राह्यले, बाई?"

इतकी वर्षं झेंड्यानंतर ग्रामसभा व्हायची, त्या सवयीनं सगळ्या आल्या होत्या. मी जरा तोऱ्यातच सांगितलं, की आता नगरपंचायत आहे, ग्रामसभा बंद. सभेत फक्त नगरसेवक बोलतात.

"काऊन? गाव मोठं झालं त आमचं तोंड शिवलं का?"

तेवढ्यात मुख्याधिकारी मॅडम बाहेर आल्या. नव्या होत्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. मी घाईघाईनं म्हणाले, "काही नाही मॅडम, चुकून आल्यात. पाठवते घरी."

मॅडमनी मावशीकडे पाहिलं आणि त्या सरळ सतरंजीवर बसल्या. "वॉर्डातल्या लोकांची क्षेत्रसभा घ्यावी, असं आपल्याही कायद्यात आहे. कुणी घेत नाही, एवढंच. ती रीतसर बोलावू. पण आज ऐकून घ्यायला कुणाची मनाई आहे?"

मावशी उभी राहिली आणि बाजाराच्या दिवशी पाणी का पीत नाही, ते सगळं सांगून खाली बसली. मॅडमनी जुना ठराव मागितला. मी पेटी उघडली आणि माझं स्वतःचं अक्षर सगळ्यांसमोर वाचून दाखवलं.

"आपल्या स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे असते?" मॅडमनी विचारलं.

मी हात वर केला. चोरानं करावा तसा.

"नवं बांधून होईपर्यंत बाजाराच्या दिवशी ते बायांसाठी उघडं राहील."

पुढे सर्वसाधारण सभेत नव्या स्वच्छतागृहाचा विषय आला. बायांना तिथे बोलता येत नव्हतं, त्या नुसत्या मागे बसून राहिल्या. नगरसेवकांनी मागे वळून पाहत पाहतच मंजुरीसाठी हात वर केले. आता बाजाराच्या कोपऱ्यात नव्या बांधकामाच्या भिंती उभ्या आहेत, आणि वॉर्डाची सभा असली की सतरंजी मी टाकते.

पण माझ्या मनात राहिला आहे तो सव्वीस जानेवारीनंतरचा पहिला बाजार. सकाळीच मी कुलूप काढून ठेवलं होतं. दुपारी खिडकीतून हाक आली, "बाई, पाणी हाये का?"

मी तांब्या भरून नेला. मावशीनं तो तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी पदरानं पुसलं आणि तांब्या माझ्यापुढे धरला.

"अजून आण."