क्लचपर्यंत पोचणारा पाय

नांदेडला जुन्या गाड्या विकणारे लोक लिंबाजी सोनकांबळेंना चांगले ओळखून होते. ते आवारात शिरताना दिसले, की कोणीतरी हातातला चहा खाली ठेवायचा आणि चेहरा पाडून विचारायचा, आज कोणाचा सौदा मोडायला आलात? लिंबाजी खिशातून लाकडी मुठीचा लांब पेचकस काढायचे, टोक चालू इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. मग पेचकस खिशात ठेवून त्यांनी "चला, चहा घेऊ" म्हटलं, की गाडी नापास. विकणाऱ्यासमोर ते गाडीला नावं ठेवत नसत. पण त्या चहाचा अर्थ सगळ्या बाजाराला पाठ होता.

बहात्तरच्या दुष्काळात ते रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होते. वय अठरा. तिथला रोड रोलर बंद पडला, की ते खडी सोडून त्याच्यापाशी जाऊन बसायचे. मुकादमानं दोनदा हाकललं आणि तिसऱ्यांदा हातात पाना दिला. पुढं उदगीरच्या एसटी डेपोत अडतीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर गावात कोणाला जुनी गाडी घ्यायची असली, की लिंबाजींना विचारल्याशिवाय कोणी बयाना देत नसे.

इंजिन ते सगळ्यात शेवटी बघत. आधी घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस आणि सगळ्यात बुटकं माणूस बरोबर आणायला सांगत. म्हातारं माणूस मागं बसून उतरताना कशाला धरतं, हे ते नीट बघायचे. मुलगी बघायला आलेले पाहुणेसुद्धा इतकं बारकाईनं बघत नाहीत. मलाही ते न्यायचे, मागच्या सीटवर वजन म्हणून. मी गाडीतलं काही जाणतो म्हणून नव्हे. "गुरुजी, तुमी दोन बाया अन् एक लेकरू भरता," असं त्यांनी मला एकदा मोजून सांगितलं होतं.

अशा माणसाचा शब्द उदगीरभर चालायचा. चालला नाही तो जावयापुढं.

त्यांची मुलगी भीमा माझ्या वर्गात होती. उंचीनं पहिल्या बाकावरची, हिशोबात शेवटपर्यंत पहिली. ती ग्रामसेविका झाली. उदगीरच्या पलीकडची तीन गावं तिच्याकडं होती. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात तिन्ही गावांच्या विहिरी टँकरवर होत्या. टँकर विहिरीत पूर्ण रिकामा झाला, हे डोळ्यांनी बघून तिनं खेपेच्या वहीत सही करायची. ती जिथं उभी नसे, तिथं टँकर अर्धाच पोचायचा. ती स्कुटीवर पळत होती. एप्रिलमध्ये एका चाकोरीत स्कुटी घसरली आणि तिचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी तिनं ठरवलं, गाडी घ्यायची, जुनीच घ्यायची, आणि स्वतः चालवायची. चालवायला तिला लिंबाजींनी लग्नाआधीच शिकवलं होतं.

तिचा नवरा रामकिशन जिल्हा कृती समितीत होता. उदगीर जिल्हा होणार, येत्या पंधरा ऑगस्टलाच होणार, असं तो ज्याला त्याला सांगायचा. बोलायला गोड, दिसायला उमदा, घरी मुलांचे लाड करणारा. पण बायकोची सही कुठं चालते आणि आपली कुठं चालत नाही, हे त्याला दिवसभर टोचत असावं. प्लास्टरच्या दिवसांत तो तिला मोटारसायकलवर विहिरींवर न्यायचा. दोन आठवड्यांत लोक म्हणू लागले, की रामकिशनभाऊंनी पाणी आणलं. पुढं एका टँकरवाल्यानं भीमाला सहज सांगितलं, "रामकिशनभाऊ म्हणले, बाई आल्या न्हाई तरी चालतंय, वही माझ्याकडं दे, सही आणून देतो." भीमा तशीच वडिलांकडं आली आणि म्हणाली, आबा, गाडी लवकर बघा.

मे महिन्यातल्या एका रविवारी रामकिशन सासऱ्याकडं आला. कोंडाबाईंनी, म्हणजे भीमाच्या आईनं, त्या वर्षीच्या रिवाजाप्रमाणं तांब्याऐवजी अर्धा पेला पाणी पुढं केलं. त्यानं पेल्याकडं बघितलं आणि तो खाली ठेवला. मग तो म्हणाला, की नांदेडला जुन्या गाड्या विकणाऱ्या महादेवप्पांकडं सात जणांची उंच गाडी आलीय. जिल्हा झाल्यावर चार माणसं घेऊन फिरावं लागेल. मामांनी एकदा कान लावावा.

लिंबाजी म्हणाले, लातूर जिल्हा झाला तेव्हा मी डेपोतच होतो. फाटकावरची पाटी नवी आली, पाने जुनेच राहिले.

"तुमाला पाने दिसले, मामा. त्या पाटीखाली कोण कोण मोठं झालं ते न्हाई दिसलं."

आमच्याकडं सासऱ्यानं जावयाला तोडून बोलायचं नसतं. लिंबाजींनी फक्त विचारलं, "चालवणार कोण?"

"मी हाव की."

"भीमा?"

"तिनं मागं बसावं निवांत. कामावर न्यायला मी हाय."

त्याच आठवड्यात भीमा आणि मी धरून आम्ही चौघं एसटीनं नांदेडला गेलो. अडीच तासांत सासरे-जावई एकमेकांशी बोलले ते एकदाच, खिडकी बंद करण्यावरून.

महादेवप्पांनी लिंबाजींना बघून नेहमीसारखा चेहरा पाडला, पण रामकिशनला हात जोडले. उंच गाडी धुऊन ठेवलेली होती. रामकिशन तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. लिंबाजींनी पेचकस बाहेर काढलाच नाही. ते भीमाला म्हणाले, बस.

ती चढून बसली. चपलेचं टोक क्लचला लागत होतं, पण क्लच दबत नव्हता. लिंबाजींनी सीट पुढं घेण्याचा दांडा ओढला. सीट हलली नाही. ते गुडघ्यांवर बसले, मोबाइलचा उजेड खाली धरला आणि बराच वेळ तसेच राहिले. रामकिशन घड्याळ बघू लागला.

उठल्यावर त्यांनी गुडघे झटकले.

"महादेवप्पा, सीटच्या रुळाला वेल्डिंग कधी केलं? अजून काळवंडलं बी न्हाई."

महादेवप्पांनी रामकिशनकडं बघितलं. रूळ ढिला होता, सीट मागं-पुढं नाचत होती, म्हणाले. परवा तुमचे जावई बयाना द्यायला आले, त्यांनीच बसून आपल्या पायाचं माप दिलं, तसं पक्कं करून टाकलं. यात लपवायचं काही आहे, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

भीमा अजून सीटवरच होती. तिनं पाय पुन्हा एकदा क्लचकडं नेला, जणू ऐकलेलं ताडून बघत होती.

रामकिशनला मान खाली घालण्याची सवय नव्हती. "मामा, तुमी इंजिन बघा," तो म्हणाला. "घरात कोण कुठं बसंल ते आमचं आमी बघू."

मला वाटलं, आता चहा. पण लिंबाजींनी पेचकस काढला, इंजिन सुरू करायला लावलं आणि नेहमीसारखे डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, "जावईबापू, इंजिन एक नंबर हाय. गाडी घ्या तुमी. पर ही माझ्या लेकीची गाडी न्हाई."

विकणाऱ्यासमोर निकाल सांगताना मी त्यांना प्रथमच ऐकलं.

"लेकीचीच पायजे तर लेक बी घेऊन जावा," रामकिशन म्हणाला. "तुमाला जावई न्हाई पायजे मामा, तुमच्या हुकमातला डेपोतला पोऱ्या पायजे. माझ्या घरात तिची सही, तिचा पगार, आता गाडीबी तिची. मी काय फकस्त दार उघडायला हाव?"

आवारातले दोघे-तिघे काम थांबवून बघत होते. भीमा खाली उतरली.

"बयाना तुमचा, तुमी दिला," ती म्हणाली. "कर्जाच्या कागदावर सही माझी लागते. ती मी माझा पाय पुरंल त्या गाडीसाठी करणार."

आणि ती सरळ भिंतीकडच्या छोट्या राखाडी गाडीकडं चालू लागली. रंग उडालेली, आठ वर्षांची, चार दारांची गाडी. लिंबाजींनी मागचं झाकण उघडलं. पाण्याचे दोन जार आणि एक घागर बसेल एवढी जागा होती. लिटरला अठरा किलोमीटर, आणि जळकोटसारख्या लहान गावच्या दुकानातही मिळतील असे सुटे भाग. भीमानं दांडा ओढला. कर्र आवाज करत सीट पुढं आली. लिंबाजींनी पिशवीतून घडी केलेलं पोतं काढून तिच्या खाली दिलं. ते त्यांनी घरूनच आणलं होतं.

लोहा गावापर्यंत जाऊन परत यायचं, ही त्यांची चाचणी. मी मागं बसलो. रामकिशनसाठी दार उघडं ठेवलं होतं, त्यानं ते बाहेरून लावलं.

भीमाच्या हातून गाडी दोनदा बंद पडली, लिंबाजी खिडकीबाहेर बघत राहिले. लोह्याच्या अलीकडं पुढं एक टँकर चालला होता, मागच्या तोटीतून धार रस्त्यावर गळत होती. तो तिच्या तालुक्यातला नव्हता, जिल्ह्यातलाही नव्हता. तिनं हॉर्न वाजवून त्याला थांबवलं आणि खाली उतरून तोटी घट्ट करायला लावली. ड्रायव्हर म्हणाला, बाई, तुमच्या बापाचं पाणी आहे का? ती म्हणाली, तुमच्याही नाही, म्हणून तर. परत येऊन बसताना तिचा चेहरा लाल झाला होता. लिंबाजी एवढंच म्हणाले, "दुसऱ्या गियरचा आवाज बरा हाय."

आम्ही परतलो तोवर रामकिशन बस धरून निघून गेला होता.

कागदपत्रं होऊन गाडी जूनच्या पहिल्या आठवड्यात घरी आली. भीमा टँकरच्या आधी विहिरीवर पोचू लागली. वही तिच्या पर्समध्ये असायची. रामकिशन विहिरींवर जाईनासा झाला. सासऱ्यानं माझा संसार फोडला, असं तो समितीच्या बैठकांतून सांगायचा. लिंबाजींच्या दारात त्यानं पुन्हा पाय ठेवला नाही. कोंडाबाईंनी नातवंडांसाठी पाठवलेला डबा दोनदा तसाच परत आला. कोंडाबाई नवऱ्याला म्हणाल्या, जरा गप बसला असता तर लेकरं दिसली असती. लिंबाजी मात्र त्या गाडीत कधी बसले नाहीत. बसलो तर लोक म्हणतील, गाडी सासऱ्याची.

पंधरा ऑगस्टला जिल्हा झाला नाही. सप्टेंबरात पाऊस मात्र इतका आला, की पूल वाहून जायची वेळ आली. टँकर बंद झाले.

भीमा महिन्यातून एकदा इंजिन ऐकवायला गाडी घेऊन यायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती आली तेव्हा मी ओसरीवरच होतो. ती उतरून आत आईकडं गेली. लिंबाजींनी दार उघडलं आणि थबकले. पोतं सीटवर नव्हतं, मागं टाकलेलं होतं. भीमा सीटच्या अगदी कडेवर बसून चालवत आली असावी, कारण सीट पार मागं होती, उंच माणसाच्या मापाला. दांड्यावरची धूळ बोटांनी पुसली गेली होती.

भीमा पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. "सकाळी ते लेकरांना शाळेत सोडून आले," ती म्हणाली. "घाईत राहिलं पुढं घ्यायचं."

लिंबाजींनी आतून तेलाची बुधली आणली, गुडघ्यांवर बसले आणि रुळाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन थेंब सोडले. मग दांडा धरून सीट पुढं आणली, मागं नेली, पुन्हा पुढं आणली. तिसऱ्यांदा कर्र आवाज आला नाही.