प्रकाशाच्या वेगाला दिलेलं शून्य

हसायचं तर खुशाल हसा, पण चहा संपेपर्यंत मधे बोलू नका. माझा हा गाढवपणा मी घरीसुद्धा पुरता सांगितलेला नाही.

तेव्हा मी औरंगाबादच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा होती. बाहेरगावचे परीक्षक शेजारी बसलेले. मी आपल्या मुलांना झुकतं माप देतो असं पाहुण्याला वाटू नये, म्हणून अशा वेळी मी फार कडक व्हायचो. खोटं कशाला सांगू, त्यात मला मोठेपणा वाटायचा.

सगळ्यात शेवटी पाचोड गावची नसीमा आत आली. वडील आठवडी बाजारात कापड विकायचे. फर्स्ट क्लास आला तरच एम.एस्सी.ला पाठवीन, असं त्यांनी तिला बजावलेलं. आणि हे मला माहीत होतं, बरं का!

मी सोपा प्रश्न टाकला, "प्रकाशापेक्षा जास्त वेग निघू शकतो का?" नाही म्हणायचं आणि मार्क घेऊन जायचं. इतकंच!

"चौकट कोणती धरली, म्हंजे कुठं उभं राहून मोजतो, त्याच्यावर हाय, सर."

"म्हणजे?"

"पृथ्वी जागेवर हाय अन् आकाश फिरतं, असं धरून मोजलं, तर लांबचा तारा एका दिवसात एवढा मोठा फेरा मारतो, की त्याचा वेग प्रकाशाच्या नेहमीच्या वेगापेक्षा लई जास्त निघतो. पण त्याच्या शेजारून निघालेला प्रकाश तरी त्याला मागंच टाकतो. म्हणून नियम मोडत नाय."

"तारे पृथ्वीभोवती फिरतात?" मी पाहुण्यांकडं बघून हसलो. "बाई, कोणत्या शतकात राहतेस? कुठं वाचलंस हे?"

तिनं मान खाली घातली.

पाहुणे काहीतरी विचारणार होते. मी म्हणालो, "सर, जेवण गार होतंय." पाच मार्कांच्या प्रश्नाला शून्य टाकलं, गुलमंडीच्या बाजारातून आणलेली लाख वितळवली आणि गुणांच्या पाकिटावर सील स्वतःच्या हातानं ठोकलं.

जेवताना पाहुणे हळूच म्हणाले, "पोरगी बरोबर बोलत होती हो."

"काय?"

"पृथ्वीसोबत फिरणाऱ्या चौकटीतून मोजलं, तर आकडा तसाच येतो. तुम्ही एवढे ठाम होतात, म्हणून मी गप्प बसलो."

हात न धुता उठलो. पाकीट विद्यापीठात रवाना झालेलं. रिक्षा करून मागोमाग गेलो.

तिथला क्लार्क पाकीट उलटंसुलटं करून म्हणाला, "सर, सही तुमचीच, सील तुमचंच. आता हे फोडा म्हणताय?"

"अहो, चूक झालीय!"

"पोरीची का तुमची?"

अर्ज दिला, तो कुठल्याशा टेबलावर पडून राहिला. निकाल लागला. नसीमाचा फर्स्ट क्लास दोन मार्कांनी गेला.

त्यानंतर मला जेवण गोड लागेना. शेवटी बाजाराच्या दिवशी पाचोड गाठलं. तिचे वडील कापडाचा तागा टाकून धावत आले.

"अरे देखो, सर खुद आये! बसा सर, बसा. पोरीवर केवढा जीव तुमचा!"

शेजारच्या दुकानदारांना बोलावून माझी ओळख करून दिली. चहा आला, भजी आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठलो आणि सगळ्यांसमोर हात जोडले.

"नसीमाचं उत्तर बरोबर होतं. चूक माझी. तिचं वर्ष मी घालवलं."

वडिलांनी माझे जोडलेले हात खाली केले आणि म्हणाले, "पोरगी सही थी ना? मग जाऊ द्या, सर. पुन्हा बसंल परीक्षेला, मी अजून एक वर्ष थांबतो."

माझे डोळे भरून आले. नसीमा तिथंच दुकानात मागं उभी होती, तिला म्हटलं, "अगं, कुठं वाचलंस एवढंच तर विचारलं होतं. पुस्तकाचं नाव सांगितलं असतंस, तर मी तिथंच उघडून बघितलं असतं!"

ती अवघडून म्हणाली, "पाव्हण्यासमोर कसं सांगू, सर? तुम्हीच वर्गात लिहून दिलेलं हाय ते. पान अठरा."

पंधरा वर्षं मी त्या नोट्स वाचून दाखवत होतो हो! वर्गात लक्ष नसलेला इसम एकच, आणि तो फळ्यापाशी उभा.