डावीकडे आमटी, उजवीकडे दगड

आमचं मंचरला किराणा दुकान. पणजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. मी तराजूशेजारीच रांगलो, त्यामुळे मोटरसायकलवर सामान कसं बांधायचं हे कुणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरायचं. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमच्याकडे डर्ट बाईक म्हणजे जुन्या शंभर सीसीच्या गाडीला चिखलात धरणारे जाड गोट्यांचे टायर आणि उंच हँडल. अशी एक गाडी माझी, एक दत्ताची. दत्ता माझा कॉलेजातला मित्र, गाव आणे. आण्याच्या पठारावरून कच्च्या वाटेनं भीमाशंकरच्या रानाकडे जायचं आणि वाटेत तंबू ठोकायचा, असा आमचा बेत होता.

मी खास ताडपत्रीची पडशी (गाडीच्या दोन्ही अंगांना लोंबणारी जोडपिशवी) शिवून घेतली आणि तिचे दोन्ही कप्पे दुकानाच्या काट्यावर तोलले. गुंजभर फरक नाही! तंबू, सतरंज्या, स्टोव्ह, पातेली सगळं मागच्या सीटवर रचलं. वडील गल्ल्यावरून म्हणाले, "संसार मांडायला निघालास का?"

आण्यात पोचलो तेव्हा गावची पौषातली यात्रा भरात होती. तिथली आमटी एकदा तरी बघावीच. भल्यामोठ्या कढया, वर तेलाचा लाल तवंग, घरोघरच्या भाकऱ्यांचे ढीग आणि पंक्तीत मांडीला मांडी लावून बसलेलं अख्खं गाव. भाकरी कुस्करून मी इतकी ओरपली की नाकाडोळ्यांतून पाणी आलं. हात धुतोय तोच दत्ताचे वडील काठोकाठ भरलेली किटली (दुधाची झाकणवाली बरणी) घेऊन उभे.

"तुमी तिकडंच चाललाय, तर माझ्या बहिणीला येवढी पोचवा. लगीन झाल्यापास्नं एक यात्रा चुकवली न्हाई तिनं. औंदा पाय मोडला." मग किटली सोडता सोडता हळूच म्हणाले, "सांडू नका, राव."

पडशीचा डावा कप्पा रिकामा करून त्यात किटली बसवली. तिथलं सामान सीटवरच्या ढिगात गेलं. पठार सपाट, ऊन उबदार, वारा थंड. गाडी झकास चालली. लोणीला चहाला थांबलो तर टपरीवरचा एक म्हातारा म्हणाला, "पावणं, गाडी लई डुलतीय."

"काट्यावर तोललंय, बाबा," मी फटकन बोललो.

"आता डांबरीनं जाऊ," दत्ता म्हणाला.

"मग हे टायर काय शोभेला लावलेत?"

पुढच्याच ओढ्यात शोभा झाली. उतारावर सीटवरचा डोंगर एकीकडे कलला, त्याच्यामागून गाडी आणि गाडीखाली मी. झाकणाला बांधलेलं फडकं लालभडक झालं. दत्तानं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यानं नुसती किटली सरळ केली, आत डोकावला आणि म्हणाला, "आत्या वाट बघत आसंल."

आता नवीच पंचाईत. किटली थोडी रिकामी झाली होती, त्यामुळे गाडी जरा कलली की आमटी हिंदकळायची आणि हँडल ओढून न्यायची. काट्यावर आमटी हलत नाही, हे मला त्या ओढ्यात कळलं! शेवटी दुकानातली जाड प्लॅस्टिकची कोरी पिशवी काढली, पिण्याचं पाणी भरून गच्च गाठ मारली आणि आमटीत सोडली. आमटी वर चढून झाकणाला टेकली. डचमळणं बंद! दत्तानं पाठीत असा धपका घातला की मी पुन्हा पडता पडता वाचलो. सीटवरचा ढीग उतरवून निम्मा दत्ताच्या गाडीला दिला, स्टोव्ह आणि पातेली उजव्या कप्प्यात तळाशी घातली. तरी वजन कमीच पडलं! मग ओढ्यातले गुळगुळीत दगड भरले. सहलीला दगड घेऊन जाणारे आम्हीच असू.

संध्याकाळी घोडेगावच्या पुढे नदीकाठी तंबू ठोकला. आमच्या जेवणात मुगाची खिचडी होती. शेजारी आमटीचा वास सुटलेला, पण किटलीला कुणी हात लावला नाही. सकाळी धुक्यातून वर चढलो. हिरड्याची झाडं, दवानं भिजलेली लाल वाट. डोळ्यांचं पारणं फिटलं. आणि त्या चढावर गाडी इतकी शहाण्यासारखी वागली की मला गाणं सुचायला लागलं.

दत्ताची आत्या ओसरीवर पाय लांब करून बसली होती. किटली उघडायच्या आधीच तिला वास आला.

"आण्याची?"

"आण्याची," दत्ता म्हणाला.

तिनं पाण्याची पिशवी बाहेर काढली. "ह्यो काय फुगा घातलाय रं?" म्हणून खदखदून हसली. आमटी चुलीवर तापवली, आधी वस्तीतल्या घरोघरी वाटी वाटी धाडली. मग भाकरी कुस्करून पहिला घास घेतला.

"औंदाची लई तिखट झाली," असं म्हणून तिनं पदरानं डोळे पुसले.

निघताना मी रिकामी किटली उचलली तर ओरडलीच, "म्हायेरी रिकामी किटली धाडत्यात व्हय?" आणि घरचा वासाचा तांदूळ काठोकाठ भरला. तांदूळ हिंदकळत नाही. उजवीकडचे दगड तसेच ठेवले, तोल अगदी झक्क. तिनं मात्र पडशीत डोकावून कपाळावर हात मारला. "दगडं वाहून आणली? आमच्याकडं काय कमी हायती?"

मग माझ्या मागच्या सीटवरच्या सामानावर हात ठेवून म्हणाली, "भाऊ, पुढल्या वर्सी किटली आणू नगंस. पाय बरा व्हतोय माझा. ही जागा तेवढी मोकळी ठेव."

घरी आल्यावर सामान सोडलं आणि पहिल्यांदाच काय न्यायचं यापेक्षा काय न्यायचं नाही याचा विचार केला. तंबू माळ्यावर गेला. स्टोव्ह, पातेलीही गेली. पुढच्या पौषात मागच्या सीटवर आत्या बसली, माझा खांदा घट्ट धरून, माहेर येईपर्यंत अखंड बोलत.

त्या दिवशी मी गाडी डांबरीनंच नेली.