दीपगृहवाल्याची काच

भोरहून महाडला जाणाऱ्या एसटीत शेजारचे म्हातारे सारखी खिडकीची काच उपरण्यानं पुसत होते. मी का म्हणून विचारलं.

"सवय. बेटावर दीपगृहात नोकरीला व्हतो. आधी रॉकेलचा दिवा, मग बल्ब, आता सोलर. आपला आपण पेटतो, माणूस लागत न्हाई."

"वाईट वाटलं असेल."

"छ्या! जन्मभर काचा पुसल्या, एका जहाजवाल्यानं कधी हात हलवला न्हाई. आता त्या सोलरला बी कुणी इचारत न्हाई. जिरली त्याची!"

हिर्डोशीला ते उतरले. गाडी हलली, तसा मी सगळ्या जहाजांच्या वतीनं हात हलवला आणि घाईत पंजा काचेला टेकला.

म्हातारे गाडीमागं धावत ओरडले, "अवो, बोटं उमटली की काचंवर!"