डाव्या बाजूचं दार
"मास्तर, चाळीस माणसं या जीपमध्ये? मग स्प्रिंगचे पाटे गेलेच म्हणायचे, भाव पाडा!" जव्हारचा मिस्तरी गाडीखालूनच ओरडला. ग्रीसचा वास आला की मला अजून ती दुपार आठवते. निवृत्त झाल्यावर मी जीप त्यालाच विकायला काढली होती आणि सांगत सुटलो होतो, की सूर्यमाळच्या शाळेत रोज जाऊन येऊन ही चंद्रापर्यंत पळाली; मोखाड्याच्या घाटात हिनं अख्खं वऱ्हाड वाहिलं, नवरी टपावर आणि वाजंत्री बॉनेटवर! बढाईनं भाव पडतोय हेही कळेना. मिस्तरी बाहेर आला. किलोमीटरच्या काट्याकडे त्यानं बघितलंही नाही. क्लचच्या पेडलचं झिजून गुळगुळीत झालेलं रबर चाचपलं, माझ्या बाजूच्या दाराच्या सैल बिजागऱ्या हलवल्या. मग डावीकडचं दार ओढलं, तर ते उघडेना. तीन हिसड्यांनंतर करकरत उघडलं. आत सीटवर शोरूमचं प्लास्टिक तसंच होतं. माझं वऱ्हाड तिथंच थांबलं. मिस्तरी हात पुसत म्हणाला, "दहा हजार वाढवतो, मास्तर. या बाजूला कधी कुणी बसलेलंच नाही."