खांदेकऱ्याची सायकल

मयताला जाणाऱ्या माणसांकडे हसण्याच्या गोष्टी सगळ्यात जास्त साठतात. खोटं वाटेल, पण स्मशानात हसू दाबून आमची पोटं दुखायची! कल्याणात आमच्या आळीत कुणी गेलं की चौघांना हाक यायची. अण्णा, नाना, तात्या आणि मी. अण्णा कचेरीत कारकून, पण तिरडी बांधण्यात अख्ख्या गावात त्यांचा हात धरणारा नव्हता.

त्याच अण्णांच्या गालात आतून फोड उठला. ठाण्याच्या डॉक्टरांनी कापला, तो पुन्हा आला. "कॅन्सर," डॉक्टर म्हणाले.

आणि अण्णांनी काय करावं? मायदेशी परतणाऱ्या एका रेल्वेच्या साहेबाची जुनी सायकल घेतली! नाशिकला लेक गोदू बाळंत झाली होती, तर म्हणे नातू बघायला सायकलवरून जायचं.

"अहो, आगगाडी आहे की!" आम्ही म्हटलं.

"आगगाडीने मला नेतील. सायकलने मी जाईन. जन्मभर लोकांना उचलून नेलंय रे. उचललेला माणूस कसा दिसतो ते मला विचारा!"

*

डॉक्टर भडकलेच. "श्रम अगदी वर्ज्य!"

"विश्रांती घेतली तर बरा होईन?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले.

"मग उद्यापासून शीळफाट्यापर्यंत जातो," अण्णा म्हणाले.

*

अण्णांच्या घरी काकूंचं सोवळं कडक, आणि सायकलची सीट चामड्याची! फेरी मारून आले की ओसरीवरच हुकूम सुटायचा, "अहो, चामड्यावर बसून आलात, आधी आंघोळ!" अंगात ताप असला तरी सुटका नाही.

शेवटी काकूंनाच कीव आली. त्यांनी आपली सोवळ्याची धाबळी फाडली आणि सीटला खोळ शिवली. लोकरीला विटाळ लागत नाही ना! अख्ख्या जिल्ह्यातली एकुलती एक सोवळी सायकल आमच्या आळीत होती.

*

कोपरच्या खाडीकाठी एका कोळणीने त्यांना अडवलं. चावता येत नसल्याने अण्णा तेव्हा नुसत्या पेजेवर होते.

"दादा, तुज्या या घोऱ्याला दाना काय घालतस?"

"याला काही लागत नाही. मी पेज पितो, त्यावर हा चालतो."

"पेजेवर? आमचा दादला म्हावरा खाऊन पन जागचा हालत नाय!"

*

समाचाराला येणाऱ्यांची पंचाईत व्हायची, कारण आजारी माणूसच घरी नसायचा. शेजारचे बापूकाका दर रविवारी यायचे, रिकाम्या खाटेकडे बघून उसासा टाकायचे, "चार दिवसांचे सोबती!"

पावसाळ्याआधी बापूकाकाच गेले. अण्णा विठ्ठलवाडीकडून परतत होते. वाटेत निरोप मिळाला तसे सायकल हाणत आले आणि घामेजल्या हातांनी तिरडी बांधायला बसले.

"फार घाई केली बापूंनी," ते पुटपुटले. "म्हटलं होतं, माझ्याबरोबर शीळपर्यंत चला!"

खांदा देताना तात्या खोकल्याचं सोंग करत होता. माझंही तेच चाललं होतं.

*

थंडी पडल्यावर अण्णा नाशिकला निघाले. मुक्काम करत, दम घेत. मागून छकड्यात आम्ही तिघे. काकूंना सांगितलं, गाडीत खाण्यापिण्याचं सामान आहे. ते होतंच. पण गवताखाली नानाने दोन बांबू आणि सुंभाचं वेटोळं ठेवलं होतं. माणूस आजारी, घाटात वस्ती कुठली! आम्ही तिघे एकमेकांशीसुद्धा त्याविषयी बोललो नाही.

कसाऱ्याच्या घाटात, माथा दिसत असताना, सायकल दगडावर आदळली आणि मधली नळी मोडली. आम्ही पोचलो तेव्हा अण्णा कडेला बसले होते. तोंडावर रुमाल, रुमालाला रक्त. मला रडूच कोसळलं.

"अण्णा, केलंत ते पुष्कळ झालं. आता छकड्यात बसा."

त्यांनी हाताने मला थांबवलं.

"नाना, गवताखालचे बांबू काढ."

नाना पांढराफटक पडला.

"हिरवेच आणलेस ना? वाळलेले असतील तर घाट चढायचा नाही."

बांबू चिरून त्यांनी नळीला दोन्ही अंगांनी लावले, वरून सुंभ आवळला आणि जन्मभर मारल्या तशाच गाठी मारल्या. मग उठले, धाबळीवर बसले आणि निघाले!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाशिकला गोदू दारात उभी होती, कडेवर पोर. बापाला बघून आधी रडली. मग सायकलकडे तिची नजर गेली.

"अण्णा, हे बांबू कसले?"

"तुझ्या नानाकाकांनी माझ्यासाठीच आणले होते," नातवाला उचलून घेत अण्णा म्हणाले. "जरा लवकर कामाला आले."