खोकल्याची सोसायटी

दवाखान्यात जन्म घालवलेल्या माणसाकडं औषधं उरत नाहीत, किस्से उरतात. माझ्याकडं तर एवढे साठलेत की सांगायला बसले की समोरच्याचा चहा गार होतो. आधीच सांगते, मी शाळेत गेलेली बाई नाही. औषधाच्या बाटल्यांवरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकले, आणि वाचायला आल्यावर कुणाच्या बापाला भ्याले नाही. ज्याला माझं बोलणं खुपतं त्यानं कानात कापूस घालावा. तोही आमच्याच दवाखान्यात मिळायचा!

*

दवाखाना निघाला तो बहात्तरच्या दुष्काळामुळं. भूम तालुक्यातलं आमचं गाव, ईटच्या जवळचं. अख्खं गाव खडी फोडायला रस्त्यावर होतं. तिथंच खडीच्या ढिगामागं एक पोरगी बाळंत झाली. बाळ वाचलं, ती गेली. लुगड्याचा आडोसा धरून मीच उभी होते.

गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन तात्या ते बघून गेले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी चावडीपुढं माणसं गोळा केली. म्हणाले, "ऊस सहकारात, दूध सहकारात. मग खोकल्यानं काय घोडं मारलंय?"

असा आमचा सहकारी दवाखाना निघाला. ईटच्या बाजारातले लोक हसले, त्याला 'खोकल्याची सोसायटी' म्हणायला लागले. हसू दे!

पंचमंडळात तात्यांनी मला घेतलं. एक पागोटंवाला उठला, "पंचात बाई कशाला?"

तात्या म्हणाले, "बाळंत कोण व्हतं? तू?"

पागोटं खाली बसलं.

मी पंचही होते आणि दवाखान्यातली आयाही. मीटिंगला खुर्चीवर बसायची, मीटिंग संपली की तीच खुर्ची पुसायची.

*

पाणी नव्हतं. म्हणून नियम केला की दवाखान्यात येणाऱ्यानं येताना एक घागर आणायची आणि दारातल्या टाकीत ओतायची. नियम सोपा होता, पण टाकी एकच! आमच्या बौद्धवाड्यातली घागर पहिली ओतली गेली आणि मागच्या बायांचे पाय थबकले. आडून कुणीतरी म्हणालं, "आता ह्या पाण्यात गोळी कशी गिळायची?"

तात्या तिथंच होते. त्यांनी टाकीत तांब्या बुडवला, गटागटा प्यायले, मिशा पुसल्या. "गोळी न्हाय लागली," म्हणाले, "नुसत्या पाण्यानंच बरं वाटलं की!"

त्या दिवसापासून त्या माणसाला मी मनातून माझा भाऊ मानलं. तोंडावर कधी बोलले नाही. चेअरमनला फार चढवू नये.

*

आता आमचं खरं दुखणं सांगते. लोखंडी खाटा आणल्या, पांढऱ्या चादरी घातल्या. पण मरताना माणूस भुईवर असावा, खाटेवर जीव गेला तर त्याला गती नाही, ही आमच्याकडची पक्की समजूत. त्यामुळं जरा ताप वाढला की नातेवाईक पेशंटला उचलून खाली ठेवायचे. डॉक्टर वर घ्यायचे, हे खाली घ्यायचे. एका म्हातारीची अशी वरखाली वरखाली चाललेली. शेवटी तीच ओरडली, "मेल्यांनो, मला एकदाच कुठंतरी ठेवा रं!"

ती म्हातारी बरी होऊन चालत घरी गेली. खाट मात्र मोकळीच राहिली.

त्या मोकळ्या खाटांनीच घात केला. वर्षातून एकदा अनुदानाचे साहेब जिल्ह्यावरून यायचे. ते आले तेव्हा भुई पेशंटांनी भरलेली आणि खाटा रिकाम्या. साहेब पेशंटांमधून पाय वाचवत वाचवत चालले, आणि शेरा मारला, 'रुग्ण नाहीत.'

जाताना तात्यांना म्हणाले, "तीन वर्षांची मुदत देतो. तेवढ्यात खाटा भरलेल्या दिसल्या नाहीत तर कुलूप लावा."

*

माझी भाची शालन. भावाची एकुलती एक, बार्शीला राहून बी.कॉम. झालेली. तात्या एक दिवस वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आमच्या दारात आले. पुण्याला नवा कोर्स निघालेला. दवाखाना चालवायची पदवी आणि धंदा चालवायची पदवी, दोन्ही एकत्र.

तात्या म्हणाले, "डॉक्टर येतो, जातो. चालवणारं माणूस आपलं पायजे. शालन, तू जा."

माझ्या भावजयीनं कपाळाला हात लावला. "तात्या, दोन डिग्र्या घेतल्या म्हून काय दोन नवरे मिळणार हायत व्हय?"

"एक बी न्हाय मिळाला तरी चालंल, माय. दवाखाना मिळंल!"

भूमच्या एस.टी. स्टँडवर आम्ही तिला बसवलं. गाडी हलली तशी ती खिडकीतून रडायला लागली. तात्या मोठ्यानं म्हणाले, "रडू नगं पोरी, पाणी जपून वापर!"

सगळं स्टँड हसलं. तात्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले, ते फक्त मी पाहिलं.

*

पहिल्या सुट्टीत शालन आली ती वाळलेली. म्हणाली, "आत्या, सकाळचे सर शिकवतात, पेशंट म्हणजे गिऱ्हाईक. दुपारचे सर शिकवतात, गिऱ्हाईक म्हणू नका, पेशंट म्हणा. मी दोन वेळेला दोन माणसं होऊन बसते."

सकाळच्या सरांनी तिला वर्गात उभं केलेलं. "तुमच्या दवाखान्याचं गिऱ्हाईक कोण?"

"सभासद, सर."

"मालक कोण?"

"सभासदच."

"मग तक्रार कोण करतं?"

"माझी आत्या!"

वर्ग हसला म्हणे. हसेना का! कुणीतरी केली पाहिजे.

होस्टेलातल्या पोरी नळ सोडून वेणी घालत. ही मागून जाऊन एकेक नळ बंद करायची. तिला 'नळवाली' नाव पडलं. सांगताना ती हसत होती, आणि मग एकदम म्हणाली, "आत्या, तिथं पाण्याचा आवाज आला की मला इथली टाकी दिसती. अभ्यास होत न्हाय."

मी उठून तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

*

शेवटच्या वर्षाला कामासाठी एकेक दवाखाना निवडायचा होता. तो नीट चालता करून दाखवला तर पास. पोरांनी पुण्याचे मोठमोठे निवडले. शालननं आमचा सांगितला. दुपारचे सर तिला समजावत होते, "अहो, मरायला टेकलेला दवाखाना घेऊ नका. दोन्ही पदव्या जातील."

ती म्हणाली, "सर, माझ्याकडं तेवढाच हाय."

परत आली तेव्हा साहेबांची मुदत संपत आलेली, आणि पुन्हा पाऊस नव्हता. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं. तात्यांच्या पोटात गाठ होती. बार्शीला जा म्हटलं तर म्हणायचे, "चेअरमनच दुसऱ्या दवाखान्यात गेला तर सभासद इथं कशाला येतील?" आमच्याच दाराजवळच्या खाटेवर येऊन ते पडले.

शालन खाटेखाटेशी जाऊन बायांना समजावायची. सरांची भाषा सोडून दिलेली, "आज्जे, खाटेवर ऱ्हा. जीव जायचा तर कुठनं बी जातो, ऱ्हायचा तर कुठं बी ऱ्हातो."

आज्जी म्हणाली, "व्हय का? मग तू आधी मरून दाखीव!"

सगळ्या हसल्या. शालनही हसली. तात्या हसले नाहीत. तिच्याकडं बघत राहिले.

*

साहेब यायचे त्या सकाळी तात्यांना घरघर लागली. त्यांच्या सुनेनं भुई सारवली, घोंगडी अंथरली, तुळशीचं पान आणलं. त्यांची पोरं उचलायला वाकली. साऱ्या वॉर्डातले नातेवाईक बघत होते. तात्या खाली गेले की मागोमाग सगळ्या खाटा खाली उतरणार, हे शालनला दिसत होतं, मलाही दिसत होतं. पण मरणाऱ्या माणसाला खाली घेऊ नका असं कोण म्हणणार? दोन पदव्यांची पोरगी भिंतीला टेकून उभी राहिली.

तात्यांनी डोळे उघडले. खाटेचा लोखंडी दांडा मुठीत धरला.

"शालन, साहेब आलं का गं?"

"न्हाय, तात्या. अजून येरमाळ्याला असतील."

"मग मला हलवू नगा."

सून रडायला लागली. "मामंजी, तुमाला गती कशी मिळंल?"

"ती बघू मागनं."

कुणी हात लावला नाही. वॉर्डातली एकही खाट हलली नाही. आज्जी आपली चादर गळ्यापर्यंत ओढून पडून राहिली. शालन तात्यांच्या उशाशी बसली, त्यांचं मनगट हातात धरून.

ऊन चांगलं चढल्यावर जीप वाजली. साहेब आत आले, एकेक खाट बघत बघत दाराकडं परतले, आणि तात्यांपाशी थांबले. तात्यांची मूठ दांड्यावर तशीच होती, घरघर मात्र थांबलेली. सुनेनं पदर तोंडात कोंबलेला.

"यांचं कसं काय आहे?" साहेबांनी विचारलं.

शालननं मनगट सोडलं नाही.

"खाट भरलेली आहे, साहेब."